आधारची प्रिंट काढायला निघालात? मग एवढे शब्द माहीत हवेत

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात ॲडमिशनच्या दिवसांत उभं राहून बघा. "काका, व्हॉट्सॲप केलंय, दोन प्रिंट द्या," म्हणत मुलं आधार, पॅन, मार्कशीट धडाधड पाठवत असतात. प्रिंट घेऊन मुलगा जातो, फाइल दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. डेटा लीक व्हायला दर वेळी हॅकरच लागतो असं नाही.

सुरुवात घरूनच करा. मायआधार पोर्टलवर ओटीपी टाकून लॉगइन करा आणि डाउनलोड करताना 'मास्क्ड आधार'वर टिक करा. नंबरचे पहिले ८ आकडे झाकले जातात, शेवटचे ४ दिसतात. पूर्ण नंबर मागितलेला नसेल तिथे हेच द्या.

ही पीडीएफ एन्क्रिप्टेड असते. आतला मजकूर गणिती पद्धतीने असा उलटापालटा केलेला असतो, की पासवर्डशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. पण पासवर्ड काय, तर तुमच्या नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल! कुलूप भक्कम, किल्ली पायपुसण्याखाली. म्हणून फाइल एन्क्रिप्टेड आहे एवढ्यावर विसंबून ती ग्रुपवर टाकू नका.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तेवढी एकच फाइल न्या. तिथल्या कॉम्प्युटरवर मेल उघडू नका. कीलॉगर बसलेला असेल तर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ नोंदली जाते, पासवर्डसकट. व्हॉट्सॲप वेब उघडावंच लागलं, तर निघण्याआधी फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉगआउट करा; नुसता टॅब बंद करून भागत नाही. फाइल कॉपी केली असेल तर डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. काका वैतागले तर वैतागू देत.

घरी आल्यावर पेनड्राइव्ह उघडण्याआधी अँटिव्हायरसने स्कॅन करा. मालवेअर, म्हणजे नुकसान करायलाच बनवलेलं सॉफ्टवेअर, काय करतं हे पुण्याला वेगळं सांगायला नको: ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

मेलला आणि व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून टाका, म्हणजे एक पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याच्या हाती पडला तरी अकाउंट उघडत नाही. नंतर कधी 'आधार आजच अपडेट करा, नाहीतर बंद होईल' अशी लिंक किंवा एपीके फाइल (म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल) आली, तर ते फिशिंग, म्हणजे खोटा मेसेज पाठवून माहिती काढून घ्यायचा गळ, समजा. हात लावू नका. पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बँकेत रांग लावत बसू नका. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवायची असते.