जुन्या होम सर्व्हरची हार्ड डिस्क दिसत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

वळवाचा पाऊस सुरू झाला की आमच्या सांगलीत लाइट जाणं आलंच, आणि रात्रभर लाइट गेली की सकाळी कुणाचा तरी फोन ठरलेला, घरातला जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवलाय, त्यात लग्नाचे फोटो, दुकानाचा टॅलीचा बॅकअप सगळं आहे आणि डिस्कच दिसत नाहीये. शेजारचा कोणीतरी सांगून मोकळा होतो की डिस्क उडाली. थांबा जरा. जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते, सेटिंग बदललेलं असतं.

पहिला संशय मदरबोर्डवरच्या गोल सेलवर घ्या, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो संपला तरी प्लगमध्ये करंट आहे तोवर बोर्डला एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून, स्टँडबाय सप्लाय मिळतो, त्यामुळे महिनोन्‌महिने काही कळत नाही. लाइट पूर्ण गेली की बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणारा बोर्डचा सेटिंग प्रोग्राम, सगळं विसरतं, तारीख जुन्या सालावर जाते आणि साटा मोड, म्हणजे बोर्डने डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते सेटिंग, कंपनीच्या डिफॉल्टवर, जुन्या बोर्डांवर बहुतेक आयडीई ही जुनी पद्धत. तुमचं विंडोज एएचसीआय या नव्या मोडमध्ये टाकलेलं असेल तर निळा स्क्रीन येतो, एररच्या शेवटी ७बी असतं. लोक इथे विंडोज नव्याने टाकतात, ते करू नका हो. सेल बदला, मोड पहिल्यासारखा करा, सेव्ह करून बाहेर या. नेमका कुठला मोड होता ते आठवत नसेल तर दोन्ही लावून बघता येतात, पण आधी रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून एकच डिस्क म्हणून वापरणं) होतं का ते घरात विचारून घ्या. रेडवरचं मशीन एएचसीआयवर चालू केलं की डिस्क सुट्या सुट्या दिसतात, विंडोज 'इनिशियलाइज करू का' विचारतं, आणि तिथे ओके दाबलं की डेटाची वाट लागलीच म्हणून समजा. कॅन्सल करा, रेड परत लावा.

आणि मुद्दाम आयडीईवरून एएचसीआयवर जायचं असेल तर नुसतं बायोस बदलून चालत नाही. विंडोज १० मध्ये आधी एमएसकॉन्फिग (msconfig) या विंडोजच्याच सेटिंग टूलमध्ये सेफ बूटला टिक करायची, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये चालू झालं की टिक काढायची. लिनक्सला सहसा एवढं काही लागत नाही.

अजून रुंद पट्टीची आयडीई केबल वापरताय? मग डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, म्हणजे जंपर बघा, डिस्क मास्टर (पहिली) की स्लेव्ह (दुसरी) ते त्यावर ठरतं. एका केबलवर दोन डिस्क आणि दोन्ही मास्टर असतील तर एकही धड दिसणार नाही. ८० तारांच्या केबलमध्ये निळं टोक बोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. जुन्या वेस्टर्न डिजिटल डिस्कवर 'सिंगल' हे वेगळं सेटिंग असतं, एकटी डिस्क असेल तर तेच लावायचं, चित्र लेबलवरच छापलेलं असतं. आणि जंपर, केबल काहीही हलवायच्या आधी प्लग काढा, नुसतं शटडाउन नको.

डिस्क कधी दिसते कधी गायब होते, कॉपी मध्येच अडकते, असं असेल तर स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) १९९ नंबरची ओळ वाचा, सीआरसी एरर, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका. हा आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा किंवा सैल कनेक्टरचा. केबल बदलल्यावर तो शून्य होत नाही, लोक तिथे घाबरतात, नवीन केबलवर तो आहे तिथेच थांबला की काम झालं. १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर, डिस्कला नीट वाचता न येणारे भाग, वाढत असतील तर मात्र खरंच डिस्क आजारी आहे, आधी डेटा काढून घ्या, बाकी सगळं नंतर.

मोठी डिस्क जोडणाऱ्यांसाठी एक, ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीच दाखवते तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, जुना ड्रायव्हर किंवा डिस्क बाहेरून जोडायचा जुना यूएसबी डबा २ टीबीच्या पुढचं मोजतच नाही. तशा अवस्थेत तिच्यावर पार्टिशन करू नका, ड्रायव्हर नाहीतर डबा बदला आणि मग जीपीटी (मोठ्या डिस्कसाठीची पार्टिशनची नवी पद्धत) करा.

आज मशीन नीट चालू असेल तर बायोसच्या साटा पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कुठली डिस्क कुठल्या पोर्टला आहे तेही टिपा, आणि त्याची प्रिंट कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.