इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत 'कमवा आणि शिका' कसे राबवावे

इंजिनिअरिंग कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतली, म्हणजे शिकता शिकता कॉलेजातच तासांवर काम करून पैसे मिळवणारी मुलं बऱ्याचदा ऑफिसात फायली लावताना दिसतात. दोन पैसे मिळतात, पण हाताला काही येत नाही. आणि तिकडे लॅबच्या कपाटात 'नादुरुस्त' चिठ्ठी लावलेले मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायची छोटी यंत्रं) पडून असतात. योजना विभागात आणायची असेल तर कामांची यादी आधी करा, मुलांची निवड नंतर.

एक फरक सुरुवातीलाच सांगावा. अप्रेंटिस कायदा, 1961 खाली सरकारी पोर्टलवर करार नोंदवून होणारी अप्रेंटिसशिप वेगळी. तासांवर होणारं कॅम्पसमधलं काम त्यात धरलं जात नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. विद्यापीठाच्या योजनेतून मुलं घेणार असाल तर ताशी दर आणि तासांची मर्यादा चालू वर्षाच्या परिपत्रकातूनच घ्या, गेल्या वर्षीच्या फाइलमधून नको.

काम असं निवडा की त्याची विभागाला खरंच गरज आहे आणि ते झालं की नाही हे मोजता येतं. 'लॅबमध्ये मदत' हे काम नव्हे. 'चौदा मल्टिमीटर तपासून चालू करणे' हे काम. यात शिकण्यासारखं भरपूर आहे. मुलं करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब (मोजायची टोकदार वायर) मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्येच ठेवतात आणि तसाच व्होल्टेजला लावतात, म्हणून आतला फ्यूज उडतो. असा मीटर व्होल्ट बरोबर दाखवतो, करंट मात्र शून्य. प्रोब आणि बॅटरी काढून मागचं झाकण उघडावं, दुसऱ्या मीटरने फ्यूजची कंटिन्युइटी, म्हणजे आतली तार अखंड आहे का, ते बघावं आणि मीटरवर छापलेल्याच रेटिंगचा फ्यूज घालावा. तारेचा तुकडा लावून काम भागवायचं नाही, पुढच्या चुकीला मीटरच जळतो. मग 5 व्होल्टचा सप्लाय आणि 1 किलोओहमचा रेझिस्टर जोडून 5 मिलिअँपिअरच्या आसपास रीडिंग येतं का ते पाहावं. असंच दुसरं काम म्हणजे ऑसिलोस्कोपचे (पडद्यावर सिग्नलची लहर दाखवणाऱ्या यंत्राचे) प्रोब जुळवणं. प्रोबवरचं बटण 10एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून घेण्यावर) ठेवून 1 किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन टर्मिनलला लावायचा आणि चौकोनी लहरीचा माथा सपाट होईपर्यंत ट्रिमर (प्रोबवरचा जुळवणीचा बारीक स्क्रू) प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. 1एक्सवर ट्रिमरचा उपयोग होत नाही. नवख्यांचा वेळ इथेच जातो.

निवडताना सीजीपीएला कमी आणि गरजेला जास्त महत्त्व द्या. वीस मिनिटांची चाचणी पुरते: दहा पॅच कॉर्ड (जोडणीच्या वायरी) द्या, तुटलेल्या शोधायला सांगा आणि निकाल कागदावर लिहून घ्या. नीट लिहिणारा मुलगा किंवा मुलगी पुढे त्रास देत नाही. जोडी तिसऱ्या आणि दुसऱ्या वर्षाची लावावी. शेवटच्या वर्षाची मुलं प्लेसमेंट सुरू झाली की हाताशी राहत नाहीत. दुसऱ्या वर्षातलं कुणी तयार असेल तर पुढच्या सत्रात काम शून्यापासून सुरू करावं लागत नाही.

आठवड्याला 10 तासांपेक्षा जास्त देऊ नका, परिपत्रकाची परवानगी असली तरी. सहा मुलं, 16 आठवडे म्हणजे 960 तास. ताशी 60 रुपये धरले तर 57,600 रुपये. त्याशिवाय फ्यूज, सोल्डर, कनेक्टर यांसाठी वेगळी रक्कम मंजूर करून घ्या. ती नसली की मुलं सामानाची वाट बघत बसतात आणि तास वाया जातात. सबमिशन आणि ओरलच्या आठवड्यांत काम बंद ठेवायचं, हे वेळापत्रकातच लिहा.

रोजच्या नोंदवहीत चार रकाने पुरे: वस्तूचा क्रमांक, दोष, काय केलं, लॅब असिस्टंटची सही. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (विभागाच्या कायमस्वरूपी वस्तूंच्या नोंदवहीत) विद्यार्थ्याने काही लिहू नये. ती जबाबदारी कर्मचाऱ्याचीच. तासांची बेरीज दर शनिवारी करा. महिन्याच्या शेवटी हजेरीपट जुळवत बसलात की बिल अडकतं.

पैसे उशिरा मिळणं ही या योजनेतली सर्वांत वाईट गोष्ट, कारण यातल्या बऱ्याच मुलांची मेस त्यावर चालते. कारण बहुधा क्षुल्लक असतं: खातं निष्क्रिय, आधारवरच्या आणि पासबुकावरच्या नावात फरक, किंवा बँक विलीन झाल्यामुळे बदललेला आयएफएससी. पहिल्याच दिवशी पासबुक अद्ययावत करून आणायला सांगा आणि एक रुपया पाठवून बघा.

415 व्होल्टच्या पॅनेलवर विद्यार्थ्याला काम देऊ नका. लेथवर इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तरच. पायात बूट, बाही घट्ट, हातमोजे नाहीत. एकट्याने कुलूप उघडून लॅबमध्ये बसायचं नाही.

प्रमाणपत्रात 'समाधानकारक काम केले' लिहू नका. एकूण तास, कोणती उपकरणं, किती दुरुस्त झाली, कोणती चाचणी स्वतः केली, हे नोंदवहीतून उतरवा. मुलाखतीत विचारलं तर त्या ओळींवर विद्यार्थ्याला बोलता येतं.