काम आणि घर: आठवड्याचा हिशेब कसा बसवावा

काम आणि घर सांभाळण्याचे बहुतेक सल्ले महिन्याचा पगार आणि हक्काची रजा असलेल्यांसाठी असतात. एक खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडतात, अशा माणसाला ते कुचकामी ठरतात. म्हणून आधी आपली अडचण नेमकी ओळखा. वेळ कमी पडतो, पैसा कमी पडतो, की कामाच्या वेळाच आपल्या हातात नाहीत?

त्यासाठी सात दिवस वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद करा. आठवड्याचे तास 168. रोजची आठ तास झोप धरली तर 56 गेले, उरले 112. सहा दिवस आठ-आठ तास काम आणि रोज दोन तास येण्याजाण्यात गेले, तर आणखी 60 वजा. राहिलेल्या 52 तासांत स्वयंपाक, धुणं, मुलं, म्हातारी माणसं आणि स्वतःचं सगळं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपली नोंद वेगळी ठेवावी.

इथे हमखास एक चूक होते. हातांनी केलेलं काम लिहिलं जातं, डोक्यातलं राहून जातं. लसीची तारीख, शाळेची फी, संपत आलेलं औषध लक्षात ठेवणं हेही कामच आहे; त्याला वेगळा रकाना करा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी काळजीच्या कामाचे तीन चतुर्थांशाहून जास्त तास बायका देतात. आपल्या वहीत काय दिसतं ते पाहा.

वाटणी करताना ‘मदत’ मागू नका, अख्खं काम सोपवा. औषधाचंच घ्या: संपत आलंय हे बघणं, चिठ्ठी शोधणं, आणणं आणि वेळेवर देणं, हे सगळं एकाकडेच हवं. नुसतं आणणं सोपवलं की ‘सांगितलं असतं तर आणलं असतं’ हे ऐकावं लागतं, आणि लक्षात ठेवण्याचा भार होता तिथेच राहतो. काम सोपवल्यावर निदान तीन आठवडे मधे पडू नका.

रोजंदारीवर असाल तर पहिलं उद्दिष्ट दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम बाजूला काढण्याचं ठेवा. दुसरं म्हणजे बदलीला येणारा एक साथीदार आधीच ठरवा: त्याच्या अडचणीला तुम्ही, तुमच्या अडचणीला तो. काम देणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी नाही.

शिफ्टमध्ये काम असेल तर खरा त्रास तासांपेक्षा अनिश्चिततेचा असतो. ‘वेळा सोयीच्या द्या’ ही मागणी हवेत विरते. ‘मंगळवारी संध्याकाळची शिफ्ट नको, आणि वेळापत्रक दोन आठवडे आधी मिळावं’ असं नेमकं आणि लेखी मागा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1981 चा 156 क्रमांकाचा करार स्पष्ट म्हणतो की केवळ कौटुंबिक जबाबदारी हे कामावरून काढण्याचं वैध कारण नाही. तुमच्या देशाने तो स्वीकारला आहे का, हे तुमच्या कामगार संघटनेकडून विचारून घ्या.

पगारदारांचं दुखणं वेगळं: काम घरात शिरतं. लवचिक वेळ म्हणजे रात्री अकराला लॅपटॉप उघडणं होत असेल तर काम संपवण्याची वेळ ठरवून ती सहकाऱ्यांना कळवा. आणि घरकामाला कोणी येत असेल तर तुमचं संतुलन त्या व्यक्तीच्या तासांवर उभं आहे. तुम्हाला झालेला उशीर थेट तिच्या मुलांपर्यंत पोचतो. पगारी रजा आणि ठरलेली सुटण्याची वेळ द्याच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्याच घरकामगारांसाठीच्या 2011 च्या 189 क्रमांकाच्या करारात आठवड्याला सलग किमान 24 तास विश्रांती सांगितली आहे.

शेवटी आजारपणाचा कागद. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: फोन करायच्या तीन माणसांची नावं क्रमाने, मुलाचं वजन आणि ते केल्याची तारीख (मुलांच्या पुष्कळ औषधांचं प्रमाण वजनावर ठरतं), चालत नसलेली औषधं, किल्ली कोणाकडे. घरी कोण थांबणार हेही त्यावर लिहा. सवयीने कमी कमावणारा थांबतो, पण बरेचदा त्यालाच पगारी रजा नसते आणि मजुरीही त्याचीच बुडते. ज्याची रजा भरपगारी, तो आधी थांबेल असं ठरवा. दर तीन महिन्यांनी वजन नव्याने लिहा आणि तिन्ही नंबर लागतात का ते फोन करून बघा.