असाध्य आजारात धर्म काय सांगतो, हे घरच्यांनी कसे विचारावे

नाशिकरोडच्या त्या घरात पलंगाशेजारी सलाईनचा स्टँड होता आणि भिंतीवर बाळ येशूचे चित्र. अन्ननलिकेच्या कर्करोगाने खंगलेल्या निवृत्त गुरुजींनी पुन्हा अतिदक्षता विभागात जायला साफ नकार दिला होता आणि त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हळू आवाजात मला विचारत होती, "बाबांना दवाखान्यात नेलं नाही, तर ती आत्महत्याच झाली ना? फादर त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) तरी करतील का?" रुग्णसेवेच्या निमित्ताने मी अशा घरांत जाते. धर्म बदलतो, प्रश्न बहुधा हाच असतो. त्याचे उत्तर शोधण्याची एक पद्धत मात्र आहे आणि ती वेळेवर वापरली, तर घरातली बरीच भांडणे टळतात.

सर्वांत आधी 'इच्छामरण' हा शब्द बाजूला ठेवावा. शरपंजरी भीष्म, पवनारला अन्नत्याग करणारे विनोबा, नेदरलँड्समधील इंजेक्शन आणि आपल्या आजीचा व्हेंटिलेटर काढणे, या सगळ्यांना आपण हाच शब्द लावतो आणि मग पुरोहित एका गोष्टीबद्दल बोलतात, डॉक्टर दुसऱ्या. त्याऐवजी चार वेगळे प्रश्न कागदावर लिहावेत. औषध टोचून मृत्यू घडवायचा आहे का? रुग्णाला स्वतः घेता येईल असे प्राणघातक औषध मिळवून द्यायचे आहे का? निष्फळ ठरलेला उपचार सुरू करायचा नाही किंवा थांबवायचा आहे का? की फक्त वेदना कमी करायच्या आहेत? पहिल्या दोन गोष्टी भारतात गुन्हा आहेत. आत्महत्येला साहाय्य करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली येते आणि त्यात हेतू दयेचा होता म्हणून सुटका होत नाही. तिसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात काही अटींवर मान्य केली आहे. चौथी तर साधी वैद्यकीय सेवा आहे. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ घरांचा प्रश्न तिसरा किंवा चौथा असतो, पण भीती मात्र पहिल्याची असते.

कॅथलिक घरातल्यांनी फादरांकडे जाताना "उपचार थांबवले तर चालेल का?" असे मोघम विचारू नये, कारण मोघम प्रश्नाला सावध आणि म्हणून निरुपयोगी उत्तर मिळते. विचारावे असे: "या उपचाराचा भार त्यातून होणाऱ्या लाभापेक्षा जास्त आहे, असे डॉक्टर म्हणतात; तो नाकारता येईल का?" चर्चच्या शिकवणुकीची रेषा नेमकी इथेच आहे. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे कर्तव्य आहे, असाधारण उपाय करण्याची सक्ती नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदात हेच आहे: जाचक, धोकादायक किंवा अपेक्षित फलाच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणे म्हणजे मृत्यू घडवणे नव्हे, तर तो रोखता येत नाही हे स्वीकारणे होय. पुढच्याच परिच्छेदात वेदनाशामकांना मुभा आहे. त्यांनी आयुष्याचे काही दिवस कमी होण्याचा धोका असला तरीही, मृत्यू हा उद्देश नसेल तर. त्यामुळे मॉर्फिनची गोळी पापाच्या भयाने उशाखाली लपवून ठेवण्याचे काहीच कारण नाही. मी ती तशी लपवलेली पाहिली आहे, म्हणून हे लिहिते.

दोन ठिकाणी मात्र चर्च ठाम आहे. नळीने दिलेले अन्नपाणी हे तत्त्वतः साधारण सेवेत मोडते, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २००४ मध्ये स्पष्ट केले. शरीर ते पचवूच शकत नसेल तर गोष्ट वेगळी, म्हणून याबाबत डॉक्टरांचे मत आधी घ्यावे. दुसरे म्हणजे साहाय्यित आत्महत्या. २०२० च्या व्हॅटिकनच्या पत्रात तिला कोणत्याही परिस्थितीत मान्यता नाही आणि ती मागणाऱ्याने आपला निर्णय मागे घेतल्याशिवाय त्याला पापक्षमेचा संस्कार देता येत नाही, असे म्हटले आहे. गुरुजींनी तसे काही मागितलेच नव्हते. उपचार नाकारणाऱ्याचा अंत्यविधी अडतो ही समजूत निराधार आहे. इतकेच नव्हे, तर १९१७ च्या धर्मसंहितेत आत्महत्या करणाऱ्याला असलेली अंत्यविधीची मनाईसुद्धा १९८३ च्या संहितेतून वगळली गेली आहे.

फादरांना शेवटच्या तासाला नव्हे, रुग्णाला बोलता येते तेव्हाच बोलवावे. रुग्णाभिषेक, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी, हा केवळ मरणाऱ्याचा संस्कार नाही, तो आजारात पुन्हाही घेता येतो. आणि ख्रिस्तप्रसाद अखेरच्या वाटेची शिदोरी म्हणून घ्यायचा, तर रुग्णाला गिळता यायला हवे. शरणपूरकडच्या प्रोटेस्टंट कुटुंबांना सर्वांवर बंधनकारक असा पोपसारखा अधिकार नाही, तरी पाळकांशी बोलताना वरचेच चार प्रश्न उपयोगी पडतात.

हिंदू घरांत विनोबांचे आणि भगूरच्या सावरकरांचे उदाहरण हमखास निघते. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आणि सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषध सोडले, हे खरे. पण तो त्यांचा स्वतःचा, शुद्धीत केलेला निश्चय होता. बेशुद्ध आईच्या वतीने मुलाने प्रायोपवेशन, म्हणजे अन्नत्याग करून मरण स्वीकारणे, ठरवणे याला परंपरेत आधार नाही. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मरते, तेव्हा घास न भरवणे म्हणजे मात्र उपाशी मारणे नव्हे. रामकुंडाचे पाणी चमच्याने घशात ओतू नये, ठसका लागतो. कापसाच्या बोळ्याने ओठ ओलावावेत.

म्हसरूळच्या गजपंथाला जाणाऱ्या जैन कुटुंबांनी सल्लेखनेची (अखेरीस अन्न हळूहळू सोडत मरण स्वीकारण्याच्या व्रताची; यालाच संथारा म्हणतात) गल्लत आत्महत्येशी करू नये आणि घाईने तिचा आधारही घेऊ नये. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात सल्लेखनेचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रतातले दोष, सांगितले आहेत, त्यांत जगण्याची आसक्ती जशी आहे, तशीच 'मरणाशंसा', म्हणजे मरणाची ओढही आहे. वेदना असह्य झाल्या म्हणून मरण हवे असलेला रुग्ण या कसोटीवर बसत नाही; त्याच्या वेदनांवर आधी उपचार करावेत, मग मुनींना विचारावे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा बेकायदा ठरवला होता, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, भिक्खूने मृत्यूची भलामण करणे हादेखील तिसऱ्या पाराजिकेचा (ज्याच्या भंगाने भिक्खूपण जाते अशा नियमाचा) भंग मानला आहे, म्हणून भन्तेंकडून "जाऊ द्या त्यांना" असे शब्द काढून घेण्याचा प्रयत्न करू नये. मुस्लिम घरांत मौलानांशी बोलताना हदीसमधील ती दुआ आठवावी: जगणे माझ्या भल्याचे असेल तोवर जगव आणि मरण भल्याचे असेल तेव्हा मरण दे. मरण मागण्याला मनाई आहे, निर्णय अल्लाहवर सोपवण्याला नाही.

आता कागदाचे काम. रुग्ण शुद्धीत असेल आणि समजून उमजून नकार देत असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. डॉक्टरांना तो नकार केसपेपरवर लिहायला सांगावे. पुढे शुद्ध हरपेल या शक्यतेसाठी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करावे. जानेवारी २०२३ पासून त्याला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे त्यात लिहावीत, एक प्रत त्यांना, एक घरच्या डॉक्टरांना आणि एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. शुद्ध हरपलेल्या रुग्णाचा उपचार काढायचा झाल्यास रुग्णालयाचे आणि त्यानंतर दुसरे, अशी दोन वैद्यकीय मंडळे शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत देतात आणि निर्णय अंमलात आणण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. इच्छापत्र नसेल तर नातेवाइकांच्या संमतीने हीच वाट चालावी लागते.

गुरुजींच्या मुलीने चार प्रश्न दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी फादर घरी आले तेव्हा एकेक करून विचारले. इच्छापत्राची एक प्रत तिने कपाटात न ठेवता पलंगाच्या उशाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात टांगली, कारण रात्री दोन वाजता धाप लागली की परगावाहून आलेला एखादा काका १०८ ला फोन लावतो आणि मग नको असलेली नळी तासाभरात घशात जाते. पाकिटावर तिने मोठ्या अक्षरांत आधी डॉक्टरांचा नंबर लिहिला आणि त्याखाली फादरांचा.