म्हैस आधी, जिराफ नंतर

आमचं बारकं साडेतीन वर्षांचं आहे. पुस्तकात बघून झेब्रा, पेंग्विन सगळं धडाधडा सांगतं, पण परवा गल्लीत रेडकू दिसलं तर म्हणालं "आई, काळं गाढव!" कोल्हापूरच्या पोराने हे म्हणायचं म्हणजे हद्दच झाली. तेव्हापासून मी आमच्याकडे एक नियमच करून टाकला, आधी जो प्राणी रस्त्यात दिसतो, ज्याचा वास येतो, ज्याचं दूध घरी येतं तो घरच्या घरी हाताने बनवायचा, जिराफ नंतर बघू.

म्हशीपासून सुरू करा. साहित्य सगळं स्वयंपाकघरातलंच. एक वाटी मैदा, एक वाटी नाचणीचं पीठ, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल आणि साधारण पाऊण वाटी पाणी, पण पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत पुरीच्या पिठासारखं घट्ट मळा. नाचणी कशाला तर तिच्यामुळे आपोआप मातकट रंग येतो, पण नुसत्या नाचणीची केली तर वाळताना तडे जातात म्हणून मैदा पाहिजेच. मळायचं काम पोरांनाच द्या, पंधरा मिनिटं शांतता मिळते. आणि पीठ खारट असलं तरी एखादं खातंच, एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही म्हणून समोर बसून राहा.

अंगाला लांबुडका गोळा, डोक्याला छोटा, पाय आखूड आणि जाड, नाहीतर म्हैस बसते. शिंगं मात्र मन लावून करायची कारण आपल्या भागात दिसणाऱ्या पंढरपुरी म्हशीची खरी ओळख तीच, लांबच्या लांब, तलवारीसारखी, मागे पार खांद्यापर्यंत जाणारी. त्याला चिंचेच्या वाकड्या शेंगा झकास बसतात, पीठ ओलं असतानाच खोचायच्या. माझी भाची पाच वर्षांची, तिने दोन्ही शिंगं पुढे खोचली, मी सरळ करायला हात घातला तर "आत्या तू थांब, मी करतो" (कोल्हापूरच्या पोरी, 'करतो'च म्हणणार). मग तिलाच दुधवाल्या मामांच्या म्हशीचा फोटो दाखवला, बघितलं आणि गुपचूप काढून मागे लावली. आपण हात घालायचा नाही, फोटो दाखवायचा, हे मी त्या दिवशी शिकले. डोळ्यांना मिरे लावू नका, तीनच्या आतलं पोरगं असेल तर ते तोंडात नाहीतर नाकात जातात, काडीने टोचून भोकं पाडली की झालं.

वाळवायचं हेच खरं दुखणं. मी पहिल्यांदा हा उद्योग केला जुलैत, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि चौथ्या दिवशी कपाटावर म्हशीचं शेण झालेलं. सासूबाई अजून हसतात. तर कडक ऊन असेल तेव्हाच करा, कुठलाही भाग बोटापेक्षा जाड ठेवू नका, नाहीतर आतून ओलाच राहतो, आणि दोन-तीन दिवस उलटसुलट करत वाळवा. पावसाळ्यात करायचंच असेल तर कुंभाराकडून शाडू आणा. तसंही आषाढात बेंदराला मातीचे बैल विकायला येतात, एक जोडी समोर ठेवायची आणि म्हणायचं बघून कर.

वाळली की सजवायची. दिवाळीच्या पाडव्याला सागरमाळ नाहीतर कसबा बावड्यात म्हशी नटवून आणतात ते पोरांनी बघितलं असेल तर काहीच सांगावं लागत नाही, शिंगं रंगवतात, गळ्यात लोकरीचा गोंडा बांधतात, मोरपीस खोचतात आणि मोटरसायकलच्या मागे पळवतात, म्हणून आपल्याकडेही खेळण्यातली मोटरसायकल पुढे आणि म्हैस मागे. नाद खुळा प्रकार असतो.

आता शिकवायचं कुठे, तर इथेच, करता करता. म्हैस पाण्यात का बसते? काळं अंग ऊन ओढतं आणि तिला घाम फारच कमी येतो, म्हणून पाण्यात नाहीतर चिखलात बसून गार व्हायचं. एक काळं आणि एक पांढरं फडकं अर्धा तास उन्हात टाका आणि हात लावायला सांगा, पुढे बोलायची गरज पडत नाही. मग परातीत चिखल करा आणि प्लास्टिकची म्हैस त्यात बसवा (पिठाची नको, विरघळते, आमचं रडून झालंय).

शब्दही असेच येतात. म्हशीचं रेडकू, गाईचं वासरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू. म्हैस रेकते, गाय हंबरते, घोडा खिंकाळतो. हल्ली सगळ्यालाच 'बेबी' म्हणतात ते मला अजिबात आवडत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे आई आणि पिल्लू वेगवेगळं काढून जोड्या लावायला द्या, पण एकावेळी चारच, जास्त दिल्या की फेकाफेकी सुरू.

म्हैस झाली की गवा सोपा. काडेपेटीला तपकिरी कागद चिकटवा, कागदाच्या सुरळ्यांचे चार पाय आणि गुडघ्याखाली पांढरा दोरा गुंडाळायचा, कारण गव्याचे पाय पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. दोरा गुंडाळून बोटांना चांगला व्यायाम होतो, पुढे पेन्सिल धरायला उपयोगी. दाजीपूरला गेला असाल तर तेव्हाचे फोटो बाहेर काढून दाखवा, दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी हे राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं, आणि ते गव्यांसाठीच प्रसिद्ध. शेकरूला नारळाच्या शेंडीची झुपकेदार शेपटी लावायची, तो आपला राज्यप्राणी. द्रोण पालथा घातला की कासव, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चिकटवायला कणकेची खळ घ्या, चाटली तरी चालते.

आमच्या खिडकीत सध्या तीन म्हशी, एक गवा आणि एक काहीतरी आहे, बारकं म्हणतं ते जिराफ आहे. त्यालाही शिंगं मागे आहेत.