जनरेटर चालू, पण घरात अंधार? आधी हे बघा

इंजिन मस्त धडधडतंय आणि लाईट मात्र नाही, असं झालं की लगेच मेकॅनिकला फोन नका लावू. आधी जनरेटरवरचा ब्रेकर बघा, पडला असेल तर सगळा लोड काढून मगच वर करा, आणि चेंजओव्हर स्विच (घराची लाईन मेन सप्लायवरून जनरेटरवर वळवणारा) जनरेटरच्या बाजूला आहे ना तेही बघा (हसू नका, मी स्वतः यात अर्धा तास घालवलाय).

मग मल्टीमीटर एसीवर ठेवून थेट जनरेटरच्या सॉकेटला लावा. 230 च्या आसपास आलं तर फॉल्ट पुढच्या वायरिंगमध्ये. 180-190 आलं आणि आवाजही दमल्यासारखा असेल तर स्पीड कमी पडतोय, दोन पोलच्या (चुंबकाची एकच जोडी असलेल्या) मशीनला 50 हर्ट्झसाठी 3000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 3000 फेरे, लागतातच, तेव्हा एअर फिल्टर, कार्ब्युरेटर साफ करा. स्पीड बरोबर असून व्होल्टेज कमी, तर एव्हीआरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) संशय घ्या.

फक्त 2-5 व्होल्ट दाखवतोय? मग बरेच महिने बंद राहून रोटरचं (आतल्या फिरत्या भागाचं) मॅग्नेटिझम उतरलेलं असू शकतं, नाहीतर रोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत, किंवा ब्रशलेस मॉडेल असेल तर कपॅसिटर गेलाय. ब्रश इंजिन बंद करून घरी बघता येतात, पण 12 व्होल्टच्या बॅटरीने रोटर फ्लॅश करायचं, म्हणजे त्यात पुन्हा मॅग्नेटिझम आणायचं काम जाणकारालाच द्या, आणि कपॅसिटरला डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणजे नाही.