कोवळ्या फणसाचा कोल्हापुरी रस्सा (आणि आठळ्या फेकू नका)

उन्हाळा लागला की गगनबावडा, आजरा, चंदगड साइडचे फणस कोल्हापूरच्या मार्केटात दिसायला लागतात, आणि सगळे गऱ्यांची वाट बघत बसतात, पण खरी मजा त्याच्या आधी, कोवळ्या फणसात हाय. भाजीला दीड-दोन किलोचाच घ्या, मोठा स्वस्त पडतोय म्हणून उचलू नका. विकणाऱ्याकडनं एक चकती कापून बघायची, आठळी म्हणजे आतली बी पांढरी आणि नखानं चिरडत असेल तर डोळे झाकून घ्या, आठळीवर कडक साल धरली असेल तर राहू दे.

आता चीक. सगळे यालाच घाबरतात. चीक पाण्यानं जात नाही, तेलानं सुटतोय, म्हणून खाली पेपर अंथरायचा, हाताला आणि विळीच्या पात्याला गोडेतेल चोपडायचं, आधी आडव्या जाड चकत्या करून पाच-दहा मिनिटं तशाच ठेवायच्या आणि वर आलेला पांढरा चीक पेपरनं टिपून घ्यायचा. मग काटेरी साल जरा जाडच काढा, मधला कडक दांडा पण काढा, आणि फोडी लगेच हळदीच्या पाण्यात टाका नायतर काळ्या पडतात.

फोडींना मीठ-हळद लावून कुकरला दोन शिट्ट्या, बास, जास्त झाल्या की लगदा. वाटणाला भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, थोडी खसखस, आलं-लसूण-कोथिंबीर. तेलात हात आखडू नका, वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग गॅस बारीक करून घरची कांदा-लसूण चटणी दोन चमचे घाला. मोठ्या आचेवर घातली की करपती आणि कट लाल यायच्या ऐवजी काळा येतोय. फोडी मसाल्यात दोन-तीन मिनिटं परतल्यावरच पाणी ओता, तेही कडकडीत गरम, आणि झाकण ठेवून दहा मिनिटं बारीक गॅसवर. सोबत ज्वारीची भाकरी. हे अगदी मटणासारखं लागतंय म्हणून लोक सांगतात, पण कोल्हापुरात असलं बोलायचं धाडस करू नका राव! फणस फणसासारखाच लागतो, फक्त धागे सुटतात म्हणून मसाला आतपर्यंत शिरतोय.

पिकल्यावर कापा, म्हणजे कडक गऱ्यांचा फणस निघाला तर नुसता खा. बरका म्हणजे मऊ गऱ्यांचा, बुळबुळीत, खाववत नसेल तर गरे चाळणीवर घासून रस काढा, त्यात तांदळाचा रवा, गूळ, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ घालून भिजवून ठेवा आणि इडलीसारखं वाफवा, झाली सांदणं.

आठळ्या धुऊन एक-दोन दिवस सावलीत सुकवा. कच्च्या खायच्या नाहीत. मीठ घालून उकडा, वरची पांढरी साल काढा, आतली तांबूस पातळ साल राहिली तरी चालतीय, आणि आख्ख्या मसूरात टाका, लई भारी लागतात. चुलीत भाजणार असाल तर आधी सुरीनं एक चीर द्या, नायतर फुटून अंगावर येतात.